उंचसखल मुंबई

सर टॉमस मोर यांनी १५१६ साली ‘युटोपिया’ हा आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा आदर्श राज्यासाठी त्यांनी बेटाची निवड केली. हे बेट निसर्गाने दिलेले नव्हते. मूळची ती भूमी मोठ्या भूखंडाला जोडलेली होती. युटोपस नावाच्या राजाने मधली जमीन पंधरा मैल खणून काढली, समुद्राचे पाणी आत घेतले आणि आपले राज्य जगापासून वेगळे केले, असे मोर सांगतात. त्या बेटावर चोपन्न नगरे आहेत आणि ती सर्व एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. राजधानीचे चार सारखे भाग पाडलेले असून प्रत्येक भागाच्या मध्यावर बाजारपेठ आहे. कोणाचे घर उंच नाही, कोणाचे ठेंगणे नाही.

पुढील शतकांत कल्पित नगरे रचणाऱ्यांचा हा विश्वास ओसरला. विसाव्या शतकातील कितीएक कथा-कादंबऱ्यांत बेट तेच राहिले, सभोवतालचे पाणीही तेच राहिले. परंतु नगराची वाटणी मात्र भयाण झाली. उंचावर सत्ताधीश आणि धनिक, मधल्या पायरीवर कारकून, तळाशी ओल, धूर आणि श्रमिक. मोहल्ल्यांना नावांऐवजी अक्षरे किंवा आकडे. एका भागातला घाम आणि दुसऱ्या भागातला वारा यांची कधी गाठ पडू नये, अशी सारी योजना. वाचक अशी पुस्तके मिटतो आणि लेखकाने जरा अतिशयोक्ती केली, असे स्वतःला बजावून निजतो.

ज्याला अशा नगराचा भूगोल प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, त्याने कल्पनेचा आश्रय घेण्याचे कारण नाही. मुंबईचा नकाशा पुढे ठेवावा आणि त्यावर उंच भाग एका रंगाने, सखल भाग दुसऱ्या रंगाने रंगवावा. गेल्या दोनअडीचशे वर्षांत या शहरात कोणी कोठे राहावे, याचा बराचसा निवाडा त्या दोन रंगांनी केलेला आहे.

आधी आखून मग वसविलेले नगर कसे असते, याचे उत्तम उदाहरण आपल्या देशात जयपूर हे आहे. सवाई जयसिंगाने १७२७ साली ते वसविले आणि विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने सपाट मैदानावर नऊ चौकड्यांची आखणी केली. रस्ते सरळ, चौक रुंद, कोणत्या धंद्याच्या लोकांनी कोठे राहावे हेही ठरलेले. तथापि भूमीने तेथेही आपले म्हणणे सोडले नाही. एका कोपऱ्यात टेकडी आडवी आली, म्हणून एक चौकडी मूळ जागी बसेना. ती सरकवून दुसऱ्या बाजूस न्यावी लागली. शहराच्या पूर्वेकडील आणि आग्नेयेकडील डोंगर तर आखणीच्या बाहेरच राहिले. त्यांतील झालानाच्या टेकड्यांवर आज सुमारे वीस चौरस किलोमीटरांचे राखीव रान आहे, त्यात बिबटे आहेत, आणि आता वस्तीने त्या रानाला चहूंकडून घेरत आणल्यामुळे ते रानच एका बेटासारखे दिसते. आखीव नगराच्या कडेला अनाखीव भूमी अशी ठाण मांडून बसते. मुंबईत याच्या उलट झाले. येथे आखणी आधी कोणी केलीच नाही. भूमीच हळूहळू तयार करण्यात आली आणि ज्याला जशी परवडली तशी ती वाटली गेली.

मूळची मुंबई म्हणजे सात बेटे, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही त्यांची नावे. परंतु केवळ नावे पाठ करून त्या बेटांचे रूप डोळ्यांपुढे येत नाही. काळ्या पाषाणाच्या दोन रांगा दक्षिणोत्तर गेल्या आहेत, अशी कल्पना करावी. पश्चिमेची रांग मलबार टेकडी, कंबाला टेकडी आणि वरळी अशी समुद्राला लागून जाते. पूर्वेची रांग डोंगरी, माझगाव, परळ, शिवडी अशी तुटक तुटक शीवपर्यंत पोहोचते. या दोहोंच्या मध्ये जी खोलगट पट्टी, ती भरतीच्या वेळी समुद्राची आणि ओहोटीच्या वेळी चिखलाची. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे, ते ताडदेव, भायखळा, कामाठीपुरा या आजच्या भागांवर पसरे आणि थेट डोंगरीच्या पायथ्याशी जाऊन थांबे. तेथे खाडी ओलांडून येणारा वाटसरू पाय धुई. म्हणून त्या जागेचे नाव पायधुणी पडले. आज पायधुणीला पाय धुण्याइतके पाणी शोधू गेल्यास पावसाळ्याची वाट पाहावी लागेल. उमरखाडी, खारा तलाव ही नावेही त्याच पाण्याची साक्ष देतात. लोक पाणी विसरले, तरी गल्ल्यांनी ते लक्षात ठेवले आहे.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर ही बेटे मिळाली, तो विवाहाचा करार १६६१ सालचा. प्रत्यक्ष ताबा मिळण्यास १६६५ साल उजाडले आणि १६६८ साली राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कंपनीच्या व्यापाऱ्यांना हवे होते बंदर. बंदरामागे चिखल आणि चिखलामागे ताप, हे कळण्यास त्यांना फार वेळ लागला नाही. खिंडारे बुजविली पाहिजेत, हा विचार त्यातून निघाला.

सर्वांत मोठे खिंडार बुजविण्याचे श्रेय गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्याकडे जाते. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १७८४ च्या सुमारास, महालक्ष्मी आणि वरळी यांना जोडणारा बांध पुरा झाला. या बांधाची एक दंतकथा आहे. दगड टाकावेत आणि समुद्राने ते ओढून न्यावेत, असे पुनःपुन्हा होऊ लागले. तेव्हा रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू स्थापत्यकाराला देवीने स्वप्नात दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती निघाल्या, त्यांची स्थापना महालक्ष्मीच्या मंदिरात झाली आणि मग बांध टिकला. विलायतेतील संचालकांनी खर्चाला मनाई केली असताही हॉर्नबीसाहेबांनी काम चालू ठेवले, असेही सांगतात. देवीची कथा आणि साहेबाची कथा यांचा मथितार्थ एकच आहे : समुद्राला मागे सारणे हे सामान्य काम नव्हते, आणि ज्याने ते केले त्याला कोणाची तरी आज्ञा मोडावी लागली.

पुढचे बांध तितके नाट्यपूर्ण नाहीत. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला, कुलाब्याचा १८३८ साली. माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडीत होड्या उलटून माणसे बुडत. सरकार पैसे देईना, तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनी आपल्या पदरचे एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले आणि १८४५ साली तो रस्ता खुला झाला. या पुलावरून जाणाऱ्याकडून पैसा घेऊ नये, अशी त्यांची अट होती. मोरच्या युटोपस राजाने जमीन खणून बेट केले. मुंबईकरांनी बेटे भरून जमीन केली. दोन्ही उद्योगांत माणसाचा हेतू एकच असावा, आपल्याला हवी तशी भूमी घडविण्याचा. पण भरून काढलेल्या भूमीचा स्वभाव निराळा असतो. खिंडार बुजले म्हणून आतली खोलगट पट्टी उंच झाली नाही. समुद्र बाहेर राहिला, परंतु पावसाचे पाणी आत कोंडले गेले. ही दलदल भरून काढणाऱ्यांना जमीन अत्यल्प साऱ्याने देण्याची पद्धत पडली. त्या साऱ्याला ‘फोरास’ म्हणत आणि त्याच नावाचा रस्ता पुढे निराळ्याच कारणाने कुप्रसिद्ध झाला. इंग्रज या पट्टीला केवळ ‘सपाटी’ म्हणत. शब्द साधा आहे, पण मुंबईचा अर्धा इतिहास या सपाटीवर घडला.

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. शहराच्या वाढीचे कौतुक आणि तिची धास्ती या दोन्ही गोष्टी त्या ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात. त्यांच्या काळी शहराचे मुख्य भाग दोनच होते. दक्षिणेला तटबंदीच्या आत कोट. त्याच्या उत्तरेस, मोकळे मैदान सोडून, देशी लोकांचे गाव. हे मैदान केवळ हवेसाठी राखलेले नव्हते. १८०३ साली कोटात भयंकर आग लागली. तिच्यानंतर तोफांच्या माऱ्याची जागा मोकळी ठेवण्याचा नियम अधिक कडक झाला आणि देशी वस्ती मैदानापलीकडे सरकली. काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी, गिरगाव येथील गल्ल्या तेव्हापासून दाटत गेल्या. १८६०च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडण्यात आले. भिंत गेली, मैदान राहिले. एका बाजूस रुंद रस्ते आणि दगडी मनोरे, दुसऱ्या बाजूस अंगाला अंग लावून उभी असलेली घरे; मध्ये हिरवळ. अशी हिरवळ कधी कधी भिंतीचेच काम अधिक सभ्यपणे करते.

यानंतर टेकड्यांची पाळी आली. राज्यपालाचे निवासस्थान पूर्वी परळला होते. परळ हे तेव्हा बागाईत, निवांत ठिकाण. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कापसाच्या गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला तिचे चाक फिरू लागले. पाठोपाठ गिरण्यांच्या धुराड्यांनी सपाटी भरू लागली. कारण जमीन स्वस्त, रेल्वे जवळ आणि तलावांचे पाणी हाताशी. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी कॉलऱ्याने वारली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत राजनिवास मलबार टेकडीच्या टोकाला कायमचा गेला. शेटसावकारांचे बंगले तेथे आधीपासून चढू लागलेच होते. परळची रिकामी वास्तू पुढे प्लेगच्या प्रयोगशाळेला मिळाली. आजची हाफकिन संस्था ती हीच. गव्हर्नर गेला आणि रोगाचा अभ्यास आला. एका मोहल्ल्याच्या उतरत्या कळेचे इतके नेमके चित्र कादंबरीकारालाही सुचले नसते.

सपाटीवरच्या वस्तीची रचना समजण्यास रेल्वेकडेही पाहावे लागते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही गाडी सुरू झाली. पुढे पश्चिमेचा मार्ग आला, मग बंदराकडचा आला. हे रूळ बेटावरून उभे गेले आणि त्यांनी त्याच्या उभ्या चिरफळ्या केल्या. दादर पूर्व आणि दादर पश्चिम हे शब्द मुंबईकर दिशा सांगण्यासाठी वापरतो, पण त्यांत प्रतिष्ठेची छटा मिसळलेली असते. पूर्वेचा किनारा तर सामान्य माणसाच्या हिशोबातच राहिला नाही. १८७३ साली बंदर विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि गोद्या, गुदामे, कोळशाचे व कापसाचे तळ यांनी ती बाजू व्यापली. या मंडळाकडे बेटाचा जवळजवळ आठवा भाग आला. माझगाव, शिवडी येथे जन्म घालविलेल्या कित्येकांना समुद्र पाहावयाचा झाल्यास चौपाटीस जावे लागे, वस्तुतः तो त्यांच्या पाठीशी हजार पावलांवर, भिंतीपलीकडे होता. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा त्या भिंतीपलीकडे काय साठविलेले असते, हे या वस्त्यांना कळले.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी आढळले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असे निदान केले. लोक शहर सोडून पळाले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती आठ लाख एकवीस हजार होती, ती १९०१ मध्ये सात लाख शहात्तर हजार भरली. प्लेगचे मूळ दाट वस्तीत आणि ओलीत आहे, असे सरकारला वाटले आणि १८९८ साली नगरसुधारणा मंडळ, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. ट्रस्टने जुन्या गल्ल्यांतून रुंद रस्ते काढले; समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे मार्ग पूर्वपश्चिम नेले. कल्पना शास्त्रीय होती. परंतु रस्त्यासाठी ज्यांची घरे पडली, त्यांच्यासाठी पुरेशा खोल्या वेळेवर उभ्या राहिल्या नाहीत, आणि ही माणसे शेजारच्या चाळींत जाऊन गर्दीत भर घालू लागली. ट्रस्टचे खरे यश उत्तरेस, दादर-माटुंग्यास दिसते. तेथे शेते आणि वाड्या घेऊन आखीव वसाहती वसविल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच उद्याने. झाडांच्या सावलीतील दुमजली-तिमजली घरांत पांढरपेशा वर्ग राहावयास आला आणि मुंबईला प्रथमच मधली पायरी मिळाली.

ट्रस्टने श्रमिकांसाठी काही चाळी बांधल्या, त्यांपैकी एक परळच्या पोयबावडीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची विद्यार्थिदशा आणि सार्वजनिक जीवनाचा आरंभीचा काळ या चाळीतील दोन लहान खोल्यांत गेला. पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे जे अध्यक्ष झाले, त्यांनी घराचा अर्थ या सपाटीवरच समजून घेतला होता.

विसाव्या शतकात या विषमतेचे सर्वांत बोलके प्रकरण एकाच सरकारी खात्याच्या दप्तरात सापडते. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी विकास खाते काढले आणि त्याच्यावर दोन कामे सोपविली. पहिले, गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधणे. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया जकात बसविण्यात आली. दुसरे, बॅकबेचा समुद्र भरून श्रीमंत वस्तीसाठी नवी जमीन काढणे. पन्नास हजारांपैकी सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येकीत ऐंशी खोल्या आणि प्रत्येक खोली एकशेसाठ चौरस फुटांची. मजल्यावर सामाईक नळ, सामाईक संडास, मधून लांबलचक बोळ. भाडे न परवडल्याने आरंभी पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या. १९३०च्या सविनय कायदेभंगात कैद्यांना तुरुंग पुरेनात, तेव्हा वरळीच्या चाळींचाच तात्पुरता तुरुंग करण्यात आला. त्यासाठी इमारतींत फारसा बदल करावा लागला नसावा, अशी शंका घेण्यास जागा आहे.

बॅकबेचे काम याहून फजितीचे ठरले. भराव भिंतीखालून समुद्रात वाहून जाऊ लागला, खर्च अंदाजाच्या पलीकडे गेला आणि खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी या कारभारावर इतके कडक प्रहार केले, की खात्याच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. नरीमन निर्दोष सुटले. योजनेचा थोडाच भाग पुरा झाला, पण त्या भागावर १९३०च्या दशकात मरीन ड्राइव्हची वळणदार इमारतींची रांग उठली. २०१८ साली तिला मैदानापलीकडच्या दगडी मनोऱ्यांसह जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. गंमत अशी, की पुढे याच किनाऱ्याला आणखी समुद्र भरून जे टोक तयार करण्यात आले, त्याला नाव मिळाले नरीमन पॉइंट. भरावाविरुद्ध लढलेल्या माणसाचे स्मारक भरावावरच झाले.

महानगरपालिकेने कारभारासाठी शहराचे विभाग पाडले, त्यांना अक्षरे दिली. बेटावर असे नऊ विभाग आहेत : ए, बी, सी, डी, ई, मग एफ दक्षिण, एफ उत्तर, जी दक्षिण, जी उत्तर. कुलाबा-कोट ‘ए’मध्ये, डोंगरी-मांडवी ‘बी’मध्ये, भुलेश्वर ‘सी’मध्ये, मलबार टेकडी ‘डी’मध्ये, भायखळा ‘ई’मध्ये, परळ-माटुंगा ‘एफ’मध्ये, वरळी-दादर ‘जी’मध्ये. कल्पित नगरांचे लेखक अक्षरांतून जी दहशत उत्पन्न करू पाहतात, ती येथे नाही. पाण्याचे बिल भरण्यापुरतीच मुंबईकराची या अक्षरांशी ओळख. पण त्यांत काही विलक्षण शेजार दडलेले आहेत. शिवाजी पार्कचे प्रशस्त मैदान आणि धारावी ही दोन्ही ‘जी उत्तर’मध्ये येतात. धारावी हे मूळचे खाडीकाठचे कोळीवाडे. खाडीच्या रक्षणासाठी १७३७ साली बांधलेला काळा किल्ला तेथे अजून आहे. शहराला नको असलेले धंदे, विशेषतः कातड्याचे, दक्षिणेकडून हलविता हलविता या दलदलीत येऊन स्थिरावले. कुंभारही तेथेच आले. शहर उत्तरेस वाढत गेले आणि एकेकाळी वेशीबाहेर टाकलेली धारावी त्याच्या मधोमध आली. टाकण्याजोगे दुसरे जे होते, ते बेटाबाहेर देवनारला गेले. तेथे १९२७ पासून शहराचा कचरा साठत आला आहे.

पाण्याची वाटणी पाहिली म्हणजे हा भूगोल पुरता उलगडतो. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने बेटावर आले. त्यापूर्वी लोकांची भिस्त विहिरी-तलावांवर होती. ते तलाव पुढे बुजले आणि धोबीतलाव, गवालिया टँक अशी नावे मागे राहिली. तानसाचे पाणी १८९२ साली आले, मग वैतरणेचे, मग भातसेचे. हे पाणी आधी टेकड्यांवर चढविले जाते. मलबार टेकडीवरील टांगत्या बागेखाली आणि माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील उद्यानाखाली मोठे जलाशय आहेत. तेथून ते उतारावरून शहरभर जाते. ज्या शहापूर तालुक्यातून या पाण्याचा मोठा भाग येतो, तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायकांच्या रांगा लागतात, ही गोष्ट बेटाच्या नकाशात दिसत नाही, म्हणून येथे नोंदविलेली बरी.

पिण्याचे पाणी टेकडीवरून उतरते. पावसाचे पाणी सपाटीवर जमते. समुद्रात पाणी सोडणारी शहराची १८६ मुखे आहेत. त्यांतील ४५ समुद्रसपाटीच्याही खाली आहेत आणि भरतीच्या पातळीवर असलेली केवळ सहा. म्हणजे भरती आणि मुसळधार पाऊस यांची वेळ जुळली, की नाल्यांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत येऊ पाहतो. झडपा बंद कराव्या लागतात आणि हिंदमाता, परळ, शीव येथे गुडघाभर पाणी साचते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या खाडीचा नकाशा पावसाच्या दिवशी रस्त्यावर असा पुन्हा उमटतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी बेटाच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यास, अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहरात एकाच दिवशी कोणी मृत्यू पाहिला आणि कोणी छत्री उघडली. मिठी नदीचे पात्र भरावाने आणि बांधकामांनी अरुंद झाले होते, ही गोष्ट त्या दिवशी सर्वांस मान्य झाली. त्यानंतर हाजीअली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया येथे प्रचंड पंप बसले. अलीकडे हिंदमातेचे पाणी साठविण्यासाठी उद्यानांखाली टाक्याही बांधण्यात आल्या.

सपाटीवरील गिरण्या मात्र आता बंद आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच एकेक करून थंडावल्या. त्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय करावे, हा प्रश्न आला. १९९१ च्या नियमाने या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक मैदानांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकांसाठी. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या इमारती जेथे उभ्या होत्या, ती जमीन हिशोबातून वगळली गेली. गिरणीत मोकळी जागा ती कितीशी असणार! २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. परळ-लोअर परळच्या धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले आणि मुंबईच्या इतिहासात प्रथमच श्रीमंती टेकडीवरून सपाटीवर उतरली. अर्थात ती जमिनीवर राहत नाही. गाड्यांचे मजले खाली ठेवून ती विसाव्या-तिसाव्या मजल्यापासून सुरू होते. पाषाणाची टेकडी संपली, तेव्हा सिमेंटची उभारण्यात आली. खालच्या चाळींतील कुटुंबे नालासोपारा, डोंबिवली, कल्याणकडे गेली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ साली ३० लाख ८५ हजार झाली. या घटीमागे कोणताही प्लेग नव्हता.

वरळीच्या विकास खात्याच्या चाळीही आता पाडल्या जात आहेत. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात पाचशे चौरस फुटांचे घर, असा तेथील करार आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे तळमजला-तीन मजल्यांच्या बोळांत वावरलेली ही घरे चाळीस मजली इमारतींत गेली आहेत. वरच्या मजल्यांवरून पश्चिमेस वरळीचा समुद्र दिसतो आणि पूर्वेस परळची सपाटी. पावसाळ्यात मुंबईची वृत्तपत्रे पहिल्या पानावर भरतीची वेळ आणि लाटांची उंची छापतात. मलबार टेकडीवर तो मजकूर वाचून पान उलटता येते. हिंदमातेचा दुकानदार मात्र आकडा साडेचार मीटरांच्या वर गेलेला पाहिला, की खालच्या फळीवरचे कापडाचे गठ्ठे वरच्या फळीवर ठेवू लागतो.